दहा ली माघारी

रविवारी सकाळी आमच्या गावच्या विहारात मी मुलांना गोष्टी सांगतो. शाळेतली नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, सवय सुटली नाही. त्या रविवारी ह्युएनत्संगाची गोष्ट होती.

बादशहाची मनाई असताना हा चिनी भिक्षू ग्रंथ आणायला भारताकडे निघाला. त्याला पकडायचा हुकूम सुटला. ली छांग नावाच्या अधिकाऱ्याने तो हुकूम त्याच्यासमोरच फाडून टाकला. सरहद्दीच्या चौकीपाशी भिक्षू पाणी भरायला वाकला, तेव्हा वरून बाण आले. ओळख पटल्यावर मात्र तिथल्याच सेनानीने पाणी नि पीठ देऊन त्याला वाट दाखवली. पुढे वाळवंटात पखाल हातातून निसटली.

"सगळं पाणी वाळूत गेलं," मी म्हणालो, "पण गडी एक पाऊल माघारी वळला नाही."

ओघात हेही बोललो की त्याच्या वाटेचा मोठा नकाशा पलीकडच्या गावी, माझा जुना विद्यार्थी धम्मरत्न याच्याकडे आहे. इथे असता तर दाखवला असता.

दुपारी तीनला मथुराबाई दारात आल्या. पायल त्यांची नात, दहा वर्षांची.

"गुर्जी, पायल तुमच्याकडं हाये का? जेवून गेली ते आलीच नाही. लहान बहिनीले सांगून गेली म्हने, नकाशा आनाले जाते."

मी चहा तसाच ठेवून उठलो. पलीकडचं गाव दोन कोस, आणि वाट जंगलाच्या कडेने. आठच दिवसांपूर्वी नाल्यापाशी वाघाने गोऱ्हा मारला होता. एकट्याने जाऊ नका म्हणून वनखात्याची गाडी गावात ओरडून गेली होती.

धम्मरत्नला फोन लावला. पायल तिथे पोचली नव्हती. तो म्हणाला, मी इकडून माणसं घेऊन निघतो.

तुरीची राखण करणारा उकंडा तेलाचा रिकामा डबा नि काठी घेऊन माझ्याबरोबर निघाला. तो डबा बडवत पुढे, मी मागे.

"वाघ अचानक समोर आला तं घात," तो म्हणाला. "दुरून आवाज आयकला तं थो बाजूले होते."

गाडवाटेच्या फुफाट्यात चपलेचे लहान ठसे होते. सगळे पुढे जाणारे. परतीचा एकही नव्हता. कोसभर गेल्यावर पायलची पाण्याची बाटली आडवी पडलेली दिसली, झाकण उघडं, खालची माती ओली. चार हातांवर दुसरा ठसा होता. उकंड्याने त्यावर पंजा ठेवला. त्याचा पंजा आत मावला.

"सकाळचा असेल," मी म्हणालो.

"कडा ढासळल्या नाही अजून," तो म्हणाला, आणि डबा जोरात बडवू लागला.

मी बाटली उचलून झाकण लावलं आणि त्याच्यामागे चालू लागलो.

पुढे उकंड्याचंच मचाण होतं. त्यावर लाल ओढणी दिसली. पायल खांबाला मिठी मारून बसली होती.

"पायल, उतर बाई. चल घरी."

तिने मान हलवली. "नाल्यात हाये थो. मी पाह्यला. पुढं जाता येत नाही."

"मग माघारी काहून नाही आली? दोन तास इथं बसून राह्यली?" उकंडा म्हणाला.

"सरांनीच तं सांगतलं, थो एक पाऊल माघारी नाही वळला."

तुरीत काहीतरी हललं. उकंड्याचा हात थांबला, मग पुन्हा सुरू झाला. ऊन तिरपं झालं होतं. शिडी चढणं माझ्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं आणि उकंडा डबा सोडायला तयार नव्हता. तिनेच उतरायला हवं होतं.

"वळला होता, पायल," मी म्हणालो. "पाणी सांडल्यावर तो घाबरला आणि आल्या वाटेने दहा ली माघारी चालला. खरं तसंच आहे."

ती खाली वाकून बघू लागली. "मंग आमाले कायले नाही सांगतलं?"

"तुम्ही घाबरट होऊ नये म्हणून. चुकलं माझं."

"दहा ली म्हणजे किती?"

"दीड कोस."

तिने आमच्या वाटेकडे पाहिलं. "घर तं कोसभरच हाये," ती म्हणाली, आणि हळूहळू शिडी उतरली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

धम्मरत्नला फोन करून सांगितलं, सापडली, नाल्याकडे येऊ नको. मग आम्ही तिला मध्ये घेऊन चालू लागलो. आता उकंडा मागे होता. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "मंग पुन्हा गेला ना थो?"

"गेला. चार रात्री नि पाच दिवस पाण्यावाचून."

"मंग नकाशा उद्या आनू. धम्मरत्नदादाले गाडीनं यायले सांगा."

मी हो म्हणालो. मागे डबा वाजत होता, आणि तो जरा थांबला की माझं काळीजही थांबत होतं.