बायांचा घाट

हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. मी कपाशीत तण काढायला डवरं धरलं होतं. झडीनंतर उघाड पडली होती, माती पायाला गोळ्यांनी चिकटत होती आणि बैल ओळीच्या टोकाला पोहोचले की उभेच राहत. धोंडबा बांधावर आला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून. एरवी तो लांबूनच हाका मारायचा. त्या दिवशी जवळ येऊन उभा राहिला.

"काय गा धोंडबा?"

"बैलं सोड."

"काहून? आताच तं जुंपले."

"सोड म्हणतो ना. घाटावर बाया बोंबलून राहिल्या. वच्छला वयनी पाण्यात गेल्या."

"कोणत्या पाण्यात?" मी विचारलं. वच्छला माझी बायको. माणूस अशा वेळी काहीही विचारतो.

आमचं गाव कन्हान नदीच्या काठी. गावाला दोन घाट. वरचा बाप्यांचा, वळणाखालचा बायांचा. मधे एक बाभूळ आहे. त्या बाभळीपलीकडे बाप्यानं जायचं नाही, हे आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं. हरतालिकेची गौर पाण्यात शिरवायला बाया जातात त्या सकाळी तर कोणी तिकडे मान वळवून पाहतसुद्धा नाही.

मी पळत पोहोचलो तर गावातले चांगले पोहणारे बाभळीपाशी उभे होते. पुरात वाहून आलेले ओंडके काढणारे गडी, नदीकडे पाठ करून उभे.

"उभे काहून आहा रे?"

"बाया ओल्या आहेत, रुपराव. कसं जाव?" एकजण म्हणाला.

मी गेलो. बाया लुगडी सावरत बाजूला झाल्या. त्यांनी सांगितलं, वच्छला गौरीची टोपली वाहत्या पाण्यात सोडायला दोन पावलं पुढं गेली आणि पायाखालची रेती सरकली. त्यांनी लुगड्याचा पदर फेकला होता. तो पुरला नाही. त्यांच्यात पोहणारी एकही नव्हती. मी डोहात बुड्या मारल्या. दुपारून ढिवरांनी खाली जाळं लावलं, तेव्हा ती सापडली.

धोंडबा रडला. बाभळीपाशी उभे असलेले सगळेच रडले. माझं बोलणं कोणाशी नव्हतं, म्हणून भांडणही झालं नाही. घरी सुभद्रा होती, माझी एकुलती पोरगी, लग्नाला आलेली. ती भाकर टाकायची, मी खायचो. दोघांनाही चव नव्हती.

हिवाळा उतरला तेव्हा सरपंच महादेवराव घरी आले. नदीकाठच्या गावांतून एकेक माणूस नागपूरला बोलावला होता. बुडणाऱ्याला वाचवायचं शिकवणार आणि वर दाखला देणार.

"तूच जा, रुपराव. तुझ्यासारखा पोहणारा गावात नाही."

"पोहता येऊन काय झालं, महादेवराव?"

ते खाटेवर बसले. मग म्हणाले, "घरात बसून तरी काय करून राहिला?"

ते खरं होतं. सुभद्राला शेजारच्या बायजाबाईकडे झोपायला सांगितलं आणि निघालो.

नागपूरला लागून असलेल्या वाडीला वच्छलाचा भाऊ आनंदराव राहायचा. गोदामात हमाली करायचा. त्याच्या खोलीत दोन माणसं कशीबशी झोपत आणि बाहेर ट्रक घरघरत. तो डाळ शिजवायचा, मी पोळ्या लाटायचो, वेड्यावाकड्या. तिचं नाव दोघंही काढत नव्हतो. सकाळी बसनं सीताबर्डी, तिथून पायी तलावावर.

तलाव म्हणजे फरशीचा हौद. पहिल्याच दिवशी चौकीदारानं मला अडवलं.

"लंगोटपे नहीं चलेगा, काका. चड्डी लाओ."

मागून एकजण हसला. मौद्याकडचा ताराचंद, माझ्यासारखाच गावानं पाठवलेला. म्हणाला, "मायाजवळ दोन आहेत, घे. पन नाडा बांध बरं. नाईतर बुडनाऱ्याच्या आंधी चड्डीच वाचवा लागन."

कितीतरी महिन्यांनी मला हसू आलं. लगेच लाज वाटली.

पाणी थंड होतं आणि डोळे झोंबत होते. तळाची पांढरी फरशी दिसायची. आयुष्य नदीत गेलं, पण पाण्याचा तळ मी पहिल्यांदा पाहिला.

शिकवणारे वामनराव फौजेतून आलेले. त्यांनी ताराचंदला मधे सोडलं आणि मला म्हणाले, "हा बुडतोय. काढा." मी सरळ समोर गेलो, हात पुढं केला. आम्ही गावात तसंच करतो. ताराचंदनं हाताऐवजी माझा गळाच धरला आणि दोघंही खाली गेलो. वर आल्यावर वामनराव म्हणाले, "दोघं मेलात. समोरून जायचं नाही. मागून जा. केस धरा, हनुवटी धरा, पण त्याला तुम्हाला धरू देऊ नका. आणि दोर असेल तर पाण्यात शिरायचंच नाही."

रोज तेच. दोर फेकायचा, गोळा करायचा, पुन्हा फेकायचा. मागून जायचं, ओढून आणायचं. काठावर निजवून तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा. ताराचंद कुरकुरायचा, "विडी ओढून नोको येऊ गा, मलेच चक्कर येते." संध्याकाळी दंड भरून यायचे. बसमध्ये उभ्यानं झोप यायची.

एके दिवशी मी वामनरावांना विचारलं, "साहेब, बुडणारी बाई असली तर?"

"बुडणाऱ्यात बाई-पुरुष काही नसतं."

"आमच्या गावात असते, साहेब."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. सगळं विचारून घेतलं, मी सांगितलं. टॉवेलानं डोकं पुसलं. मग म्हणाले, "मग तिथल्या बायांनाच शिकवा. दुसरं काय करणार?"

परीक्षा झाली. ताराचंद पास, मी पास. मला जीवरक्षकाचा दाखला मिळाला आणि एक शिट्टी. आनंदरावनं त्या दिवशी दाखला हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ताई असती तर आरतीच ओवाळली असती तिनं." एवढंच. मग कंदील बारीक केला.

गावात दाखला ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागला. धोंडबा म्हणाला, "आता मी बुडालो तं काढशीन ना गा?"

"पयले बुडून तं दाखव."

"नाई बा. तुया तोंडाचा वास कोन घेईन?"

मी मात्र हरतालिकेच्या विचारात होतो. औंदा आईच्या जागी सुभद्रा गौर घेऊन जाणार होती. सुभद्राला घेऊन मी बायजाबाईकडे गेलो. गौरीची गाणी तीच सुरू करायची, बायांत तिचा शब्द चाले.

"त्या दिवशी मले घाटावर उभं राहू द्या," मी म्हणालो.

"गौरीच्या दिवशी? बाप्या? लाज वाटते का नाई तुले?"

"वच्छला गेली ना, बायजाबाई."

"गेली. मले नाई का दुःख? पन ओल्या अंगाच्या सुना घेऊन जातो आमी. उद्या त्याईचे नवरे काय म्हनतीन?"

"मंग मी सुभद्राले पोहणं शिकवतो."

"लग्नाची पोरगी पान्यात पाय मारन? कोन करन वं तुले?" हे ती सुभद्राकडे पाहून म्हणाली.

सुभद्रा म्हणाली, "नाई केलं तं नाई केलं, आजी."

उन्हाळ्यात आमच्या विहिरीत छातीभर पाणी राहतं. पायऱ्या आहेत. तरंगायला वाळलेले भोपळे तिच्या कमरेला बांधले. आईचं जुनं लुगडं कासोटा घालून नेसली. मी पायरीवर बसायचो.

"बाबा, भेव लागते."

"लागू दे. पाय मार."

"आईलेबी लागलं असन काय?"

मी म्हटलं, "पाय मार, पोरी."

मृगाच्या आधी एक भोपळा सोडला, मग दुसरा. विहीर भरल्यावर ती भोपळ्याशिवाय आडवी जायला लागली. मागून जायचं, केस धरायचे, हे तिला धोंडबाच्या बायकोची जुनी गोधडी बुडवून शिकवलं. गोधडीला केस नाहीत म्हणून ती हसायची.

गौर शिरवायच्या सकाळी मी बाभळीच्या अलीकडे नदीकडे पाठ करून बसलो. बायजाबाईनं तसं वचन घेतलं होतं. दोर सुभद्राजवळ दिला होता. गाणं चालू होतं. पाणी गढूळ, वरून ढग. मी शिट्टी मुठीत धरून बसलो होतो. तिचा काही उपयोग नव्हता.

गाणं थांबलं. पाण्याचा आवाज झाला आणि बाया ओरडल्या.

वचन तिथंच राहिलं. मी बाभूळ ओलांडून पळालो. पोहोचतो तोच बायजाबाईचा आवाज आला.

"केस सोड वं भवाने! सगळे उपटते काय मायावाले!"

कमरेहून जरा जास्त पाण्यात सुभद्रा तिला मागून धरून काठाला आणत होती. सुभद्राच्या कमरेचा दोर बायांनी पकडला होता. बायजाबाईनं थुंकून पाणी टाकलं आणि मला पाहिलं.

"अन तू कुठी येऊन राहिला? मांगं हो!"

मी मागं झालो. बाभळीला टेकून बसलो. 

संध्याकाळी बायजाबाई मोदकाची वाटी घेऊन आली. बसली. "पोरीचा हात जबर हाये," म्हणाली. मी म्हटलं, "तुमच्या नातीले पाठवा विहिरीवर. कौसल्याले." ती म्हणाली, "पाहू. तिच्या बापाले इचारतो."

पुढच्या उन्हाळ्यात सुभद्राचं लग्न झालं. पोहते म्हणून कोणी नाही म्हटलं नाही. काटोलकडे दिली, संत्र्याच्या बागा आहेत, घरचे बरे आहेत. त्या गावाला नदी नाही.

कौसल्याच्या बापाला मी स्वतः विचारलं. पोळा झाल्यावर पाहू म्हणाला. पोळा काल झाला. आणखी दोघींच्या घरी गेलो. एकीची सासू हसली, दुसरीच्या नवऱ्यानं बसायलाही सांगितलं नाही. भोपळे आढ्याला टांगून आहेत. विहीर काठोकाठ भरली आहे, आता नवखीला त्यात उतरवता येत नाही.

दोर मी बाभळीला बांधून ठेवला आहे. परवा हरतालिका आहे. बायांच्या घाटावर पोहणारी बाई आज एकही नाही.