कढत पाण्याची टाकी

"ह्या इंजिनाचं पोट हाय का पडकी विहीर?" बॉयलरच्या तोंडात चिपाडाचा भारा कोंबत पिराजी पुटपुटला. शेजारी उभ्या सिकंदर मिस्त्रीला ते ऐकू गेलं. ऐकू जावं म्हणूनच तर पुटपुटला होता.

पंचगंगेकाठच्या गुऱ्हाळावर आण्णाप्पांनी बैलांचा घाणा मोडून वाफेचं इंजिन आणलं, ते सिकंदरच्या शब्दावर. इंजिन ऊस गाळील, मग त्यातून सुटणारी वाफ वाया न घालवता नळीनं पाण्याच्या टाकीतून फिरवायची. बॉयलरला पाणी आधीच कढत मिळालं की जाळ वाचेल, आणि वाचलेल्या चिपाडावर गुळाच्या काहिलीखालचं चुलाण चालेल. एका काहिलीच्या उसाचं चिपाड निघतं चाळीस भारे. तेवढ्यातच गाळप, तेवढ्यातच गूळ.

"आन् न्हाय झालं तर?" आण्णाप्पांनी विचारलं होतं.

"तर इंजिन परत, मालक. अन् मी बी परत मिरजेला."

मिरजेला म्हणजे सासऱ्याच्या डब्यांच्या दुकानात. सासरे चांगले होते. सल्ला मात्र फार द्यायचे.

दोनदा मोजलं, दोन्हीदा जळाले सेहेचाळीस भारे. आज तिसरी आणि शेवटची खेप. पिराजीनं सेहेचाळिसावा भारा आत ढकलला आणि सिकंदरचं तोंड उतरलं. त्यानं झडपा तपासल्या, नळ्या ठोकल्या, टाकीत हात घातला. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी मात्र कोमट.

"वाफ तर बरोबर जातीया," तो म्हणाला. "मग ऊब जातीया कुठं?"

गुळव्या मौला काहिलीतल्या फेसाकडं एकटक बघत राहिला. पिराजीला खोकल्याची उबळ आली.

ठाऊक सगळ्यांना होतं. आसपासच्या घरांतून पहाटे माणसं टाकीवर यायची, कढत पाण्याची घागर भरून न्यायची. आणि फुकटचं नको म्हणून नदीच्या गार पाण्याची घागर टाकीत ओतून जायची. अशा सचोटीपुढं टाकी कधी रिकामी दिसणार? पण पहिली घागर कुणाची, हे मालकापुढं काढायचं कुणी?

आण्णाप्पांनी पागोटं सारखं केलं. "सिकंदर, लई खटपट केलीस बाबा. सामान बांध."

नवऱ्याची, मौलाची, भाकरी घेऊन आलेली खैरुनबी दारातच थबकली. तिनं पाटी खाली ठेवली, पदर खोचला.

"मालक, रागवा हवं तर. पहिली घागर तुमच्या आईची, आव्वांची. पाणी उकळून प्यायचा त्यांचा नेम, वर पहाटेची आंघोळ. त्यांनी नेली म्हणून मग समद्यांनी नेली, मी बी नेली. रोज वीस घागरी तापत्यात, तेवढं लाकूड घरोघरी वाचतंय की! इंजिन खादाड न्हाय, मालक. गाळप एक, गूळ दोन; घरोघरचं पाणी तापवायचं त्याचं तिसरं काम तुमी मोजलंच न्हाय."