जिवंत जखमी, एक नग

माझ्या नणंदेचं माझ्याबद्दल एक ठाम मत आहे आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते: हिला कुणी विहिरीत ढकललं, तर बुडायच्या आधी ही विहिरीची खोली विचारेल. मी नाही म्हणत नाही. कपडे दुरुस्त करायचं माझं दुकान आहे, आणि उसवल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही हे मी रोज बघते. अकरा वर्षांपूर्वी मी बचाव पथकात स्वयंसेवक झाले तीसुद्धा सेवाभाव उतू चालला होता म्हणून नव्हे. समोरच्या इमारतीतल्या आजोबांना चार गणवेशवाल्यांनी जिन्यावरून खाली आणलं, गाडीत ठेवलं आणि दार लावून घेतलं. त्या दाराच्या आत पुढे काय करतात, हे मला कळेना. चार दिवस शिवणात लक्ष लागलं नाही. पाचव्या दिवशी मी अर्ज भरला.

पथकाचा सराव दर रविवारी सकाळी, अग्निशमन केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. नियम एकच, पण कडक. वर्षाला चोवीस तासांचं प्रशिक्षण वहीत भरलं पाहिजे. नाही भरलं, तर गणवेश जमा करायचा आणि नाव मदतनीसांच्या यादीत जाणार. मदतनीस म्हणजे चहा आणि खुर्च्या. अपघाताच्या जागी त्यांनी पाऊल टाकायचं नाही.

यंदा प्रशिक्षण अधिकारी नवे आले. सोमवार ते शनिवार ते जमिनी मोजतात आणि रविवारी आम्हाला. वर्ष संपायला बारा दिवस असताना त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं.

"ताई, बसा. तुमचे या वर्षीचे तास चार झालेत."

"चार कसे? मी एक रविवार चुकवलेला नाही."

"वहीत चार आहेत. जूनमधलं व्याख्यान, तेवढंच."

मी म्हटलं, मग दर रविवारी मी सही कशावर करते? साहेबांनी कोठीवाल्या काकांना हाक मारली. काका आमच्या दोरांचे, गाद्यांचे आणि शिट्ट्यांचे मालक. एक गाठ सैल असली तरी त्यांना घरी जेवण जात नाही. त्यांनी आपली जाडजूड साहित्याची वही आणून उघडली. माझी सही होती, दर रविवारी, ठसठशीत. तिच्या वर काकांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: गाद्या, दोन नग. दोर, चार नग. फळी, एक नग. जखमी (जिवंत), एक नग.

प्रकार असा होता. मी आले त्याच वर्षी सरावाच्या रबरी बाहुल्याची मान तुटली. माझं वजन चव्वेचाळीस किलो. उचलायला सोपी, म्हणून त्या दिवसापुरतं मला झोपवलं, आणि मग दर रविवारी मीच. बाहुला काकांच्या वहीत होता, तेव्हा त्याच्या जागी आलेली मीही काकांच्याच वहीत गेले.

"सामान बाहेर काढलं की नोंद करावी लागते," काका म्हणाले. "परत आलेलंही लिहिलंय बघ. 'सुस्थितीत.'"

आधीचे साहेब वर्षअखेरीला डोळे झाकून सगळ्यांच्या नावापुढे चोवीस लिहायचे, त्यामुळे हे कधी बाहेर आलं नाही. पण दोष मी कुणाला देऊ? जगाच्या चौकशा करणारी बाई, आणि स्वतःच्या सहीच्या वर काय लिहिलंय ते अकरा वर्षांत वाचलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"झोपून राहणं हे प्रशिक्षण नाही," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. मोजलं तेव्हा जमीन कमी भरली, इतकंच. "एक वाट आहे. पूर्ण प्रात्यक्षिक परीक्षा पास झालात तर तास माफ. जखमीला फळीवर बांधायचं, सराव-मनोऱ्याचे दोन जिने उतरवायचे. आठ मिनिटं. येत्या रविवारी."

मी हो म्हटलं. घरी येऊन नणंदेला म्हटलं, जरा आडव्या व्हा, मला पट्टे बांधून बघायचेत.

"माझं अजून सगळं शाबूत आहे," ती म्हणाली. "आणि एवढं काय त्यात? चहा वाटायचा. चहा बरा करतेस तू."

मला ते लागलं. ती चेष्टेत बोलली होती, तरी लागलं. दुकानात दिवसभर लोक मला आपल्या फाटक्या बाह्या दाखवतात. मी त्या गणवेशात असले की मात्र घाबरलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. ते मला सोडायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दुसरीही एक खुमखुमी होती. अकरा वर्षं उचलली गेलेली बाई कुणाला उचलू शकते का, हे मला स्वतःलाच बघायचं होतं.

रविवारी पहिलीच अडचण आली. नेहमीचा जखमी परीक्षेला बसलेला, मग झोपणार कोण? सगळ्यांच्या एकदम कमरा दुखायला लागल्या. शेवटी साहेबांनी चष्मा काढून काकांकडे दिला आणि मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर स्वतः आडवे झाले. उचलायला आमच्या पथकातला बेकरीवाला आणि आणखी तिघे. हुकूम मी द्यायचे. काकांनी घड्याळ सुरू केलं.

पट्ट्यांचा क्रम मला पाठ होता: आधी छाती, मग कंबर, मग पाय, डोकं सगळ्यात शेवटी. बक्कल जखमीच्या डाव्या बाजूला येतं हेही मला पक्कं माहीत होतं, कारण अकरा वर्षं ते माझ्याच डाव्या बरगडीला टोचलंय. मी साहेबांच्या पायांशी उभी राहून झरझर तिन्ही पट्टे बांधले, आणि डोक्याचा पट्टा घेणार तोच काहीतरी खटकलं. सगळी बक्कलं भलतीकडेच दिसत होती. मला काही सुचेना. मी सरळ साहेबांच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले आणि वर बघत बरगडीवर हात ठेवला.

"ताई, काय करताय?" साहेबांनी विचारलं. जखमीने मान हलवायची नसते म्हणून बिचारे नुसतेच डोळे वळवत होते.

"डावी बाजू शोधतेय. मला सगळं खालूनच माहितीये."

बेकरीवाला हसून हसून भिंतीला टेकला. मी उठले, पट्टे सोडले, पुन्हा बांधले, शेवटी डोक्याचाही. दोन मिनिटं गेली, पण आता हातांना उलगडा झाला होता.

मग जिना आला. फळी पायांकडून पुढे काढायची, म्हणजे डोकं वरच्या बाजूला राहतं. मी डोक्याशी होते. साहेबांचा चेहरा माझ्या अगदी खाली होता आणि त्यावर जे आलं ते मला ओळखीचं वाटलं. छत सरकू लागतं, आपले हात बांधलेले असतात, आणि चार माणसं आपल्यावरून एकमेकांशी गप्पा मारत असतात. बेकरीवाल्याचा हात नेहमी पहिल्या पायरीला झटका देतो, हेही मला ठाऊक होतं.

"साहेब, आता पाय खाली जातील," मी म्हटलं. "पोटात गोळा येईल. दोन श्वास, मग जातो. उजवीकडे हिसका बसेल, पट्टा धरून आहे. आता वळण. भिंत जवळ दिसेल पण लागणार नाही. सहा पायऱ्या राहिल्या. चार. आता टेकवतोय, आधी पायांकडून."

खाली टेकवलं तेव्हा काकांनी घड्याळ दाबलं. नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

मीच पट्टे सोडले. साहेब उठून बसले, चष्मा लावला, कपाळ पुसलं आणि परीक्षेच्या कागदावर 'नापास' असं लिहिलं. गणवेश कालच इस्त्री केला होता, तो काकांच्या हातात कसा द्यायचा याचाच मी विचार करत होते.

"ताई, एक विचारू?" साहेब म्हणाले. "पायरी येण्याआधी सांगायचं, हिसका बसण्याआधी सांगायचं. हे आपल्या पुस्तकात नाही. हे चौघेजण तुम्हाला असं सांगतात?"

"कधीच नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही हे शिकलात कुठे?"

"तिथेच, फळीवर. कुणी सांगत नव्हतं म्हणून."

बेकरीवाल्याने मान खाली घातली. साहेबांनी काकांच्या हातातलं घड्याळ घेऊन आकडा पुन्हा पाहिला. मोजणीचा माणूस, आकडा जुळेपर्यंत तो उठत नाही.

"काका," शेवटी ते म्हणाले, "आजची माझी नऊ मिनिटं चाळीस सेकंद. ती कुठल्या वहीत लिहिणार तुम्ही?"

काकांनी साहित्याची वही अर्धी उघडली, साहेबांकडे पाहिलं आणि हळूच मिटली. साहेबांना 'एक नग' लिहायची त्यांची छाती होईना.

"मी आज शिकलो," साहेब म्हणाले. "तेव्हा प्रशिक्षणाच्या वहीत लिहा. आणि ती दुसरी वही इकडे द्या."

त्यांनी पट्टी घेतली. जानेवारीच्या पहिल्या रविवारपासून एकेक ओळ शोधायची, 'जखमी'वर रेघ मारायची, तास प्रशिक्षणाच्या वहीत माझ्या नावापुढे चढवायचे, असं ते दुपारपर्यंत करत बसले. चोवीस तास मार्च संपायच्या आतच भरले होते, तरी ते थांबले नाहीत. परीक्षेचा कागद फाडा असं बेकरीवाल्याने सुचवलं, तर म्हणाले, नापास ते नापास, तो राहील. मी शेजारी उभी राहून या वेळी प्रत्येक ओळ वाचली आणि मगच खाली सही केली.