दोन डोक्यांचा सारस

विमा कंपनीत असताना आपल्या हातून एकही खोटा क्लेम सुटला नाही, असं पंढरीनाथ स्वतःच सांगत. गोदाम जळलं की जाळलं, म्हैस विमा उतरवल्यावर मेली की आधीच मेलेली होती, हे त्यांना म्हणे कागद हातात धरल्याबरोबर कळायचं. सांगलीच्या शाखेत लोक त्यांना वचकून असत. रिटायर झाल्यावर ते आणि सुहासिनीबाई जयपूरला मुलाकडे राहायला आले, आणि इथे वचकायला कुणीच नव्हतं. मुलगा निलय आणि सून अनुया दिवसभर आपापल्या कंपनीत, आणि सुहासिनीबाई तर लग्नानंतर वर्षभरातच वचकायच्या थांबल्या होत्या. राहता राहिली नऊ वर्षांची नात मिताली.

मितालीचा जन्म जयपूरचा, शाळा जयपूरची, मैत्रिणी दुर्गापुऱ्यातल्या घराच्याच गल्लीतल्या. तिच्या मराठीत हिंदी कुठून शिरे आणि कुठून बाहेर पडे, ते तिचं तिलाही कळत नसे. ‘आजोबा, मी आली,’ म्हणत ती दारात बूट काढायची, आणि दुसरा बूट निघायच्या आत पंढरीनाथ म्हणायचे, ‘आली नाही, आले.’ ‘मी खाना खाऊन खेळायला जाते.’ ‘खाना नाही, जेवण. आणि जेवण खात नाहीत, जेवतात.’

हळूहळू मिताली आजोबांशी मान हलवून बोलू लागली. फारच झालं तर ‘पता नहीं’. पंढरीनाथांना ते फार लागलं. सांगलीहून एवढ्या लांब ते काय ‘पता नहीं’ ऐकायला आले होते? त्यांनी दोष आधी शाळेला दिला, मग टीव्हीला, मग सुनेला, आणि शेवटी अख्ख्या राजस्थानला.

डिसेंबरात एका संध्याकाळी मिताली शाळेतून कागदाचा जपानी सारस करायला शिकून आली. शिकलेलं कुणाला तरी शिकवल्याशिवाय तिला चैन पडेना. आजीचे हात कणकेत होते, आईबाबा यायचे होते. रिकामे फक्त आजोबा होते.

‘बसा,’ मिताली म्हणाली आणि त्यांच्यासमोर एक चौकोनी कागद ठेवला. ‘हे असं तिरकं दुमडा. समोसा झाला ना? आता खोला. आता दुसरीकडून समोसा. आता, मतलब, सगळं आत दाबा, तर छोटा चौकोन होतो.’

पंढरीनाथ दाबत होते. चौकोन काही होत नव्हता.

‘असं नाही हो आजोबा. हळू. कागदाला दुखतं. हां. आता दोन बाजू मध्ये आणा. झाली पतंग. आता खोला, आणि वरचं एकच पान उचलून एकदम वर घेऊन जा. बघा, बाजू आपोआप आत येतात. मागून पण तसंच. आता हे लंबं लंबं शंकरपाळं झालं.’

त्या कागदात पंढरीनाथांचे दोन्ही हात आणि सगळं डोकं अडकलं होतं. तिच्या वाक्यांतल्या चुका त्यांच्या कानांवरून नुसत्या निघून गेल्या. शंकरपाळ्याच्या दोन निमुळत्या टोकांपैकी एक मान आणि एक शेपूट. मानेचा शेंडा वाकवला की डोकं तयार. पंढरीनाथांनी उत्साहाच्या भरात दोन्ही टोकं वाकवली.

मिताली हसून हसून जमिनीवर लोळली. ‘आजी, ये ना, बघ आजोबांचा सारस. हा दोन्हीकडून खाणार.’ मग त्याची दोन्ही तोंडं एकमेकांशी भांडतील का, झोपताना कुठलं डोकं कुठे ठेवेल, यावर ती जेवायला बसेपर्यंत बोलत राहिली. मराठीत. पंढरीनाथांना त्या रात्री फार चांगली झोप लागली.

दोन-तीन दिवसांत झालं असं, की सकाळी फिरायला गेले असताना दुर्गापुरा स्टेशनच्या बाकावर त्यांच्या हातून सारस अगदी बिनचूक झाला. होणारच. नोकरीभर पॉलिसीचे कागद घडी घालून पाकिटात सरकवलेला हात तो. पण आनंद व्हायच्या ऐवजी त्यांनी तो घाईघाईने जाकिटाच्या खिशात कोंबला. सारस जमला म्हणजे शिकवणी संपली, आणि शिकवणी संपली म्हणजे पुन्हा ‘पता नहीं’. त्या संध्याकाळी मान वाकवून झाल्यावर त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून मितालीकडे पाहिलं आणि शेपूटही वाकवली.

‘आजोबा, परत?’ मितालीने कपाळाला हात लावला. ‘उद्या पुन्हा पहिल्यापासून करू.’

‘करू,’ पंढरीनाथ पडेल चेहऱ्याने म्हणाले. तसा चेहरा करायला त्यांना बरेच कष्ट पडले.

चेहऱ्याचं ठीक होतं, पण खिशांचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. एका दुपारी ते गच्चीत उन्हाला बसलेले असताना सुहासिनीबाई त्यांचं धुवायचं जाकीट घेऊन वर आल्या आणि त्यांनी जाकिटाच्या खिशातून एक सारस काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा.

‘अहो, यांना तर एकेकच डोकं आहे,’ त्या म्हणाल्या.

‘अगं, हळू बोल.’

‘जन्मभर लोकांचे खोटे क्लेम पकडलेत, आणि आता नातीकडे स्वतःचाच टाकलात?’

‘तिला सांगू नकोस. माझ्याशी बोलायला तिच्याकडे दुसरं काही नाही गं.’ पंढरीनाथांचा आवाज एवढा पडला की सुहासिनीबाई पुढचं बोलणं गिळून बसल्या. पण फुकट गप्प बसतील तर त्या सुहासिनीबाई कसल्या? जयपूरला हिवाळ्यात मटार ढिगाने येतो. त्या दिवसापासून सगळा मटार सोलायचं काम पंढरीनाथांकडे आलं, आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. निलयला वाटलं, वडील निवृत्तीनंतर फार बदलले.

संक्रांत होऊन गेली. गच्चीवरच्या पतंगांची गर्दी ओसरली आणि मितालीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस ठरला. नातवंडांनी घरात जे शिकवलं असेल, ते आजी-आजोबांनी स्टेजवर करून दाखवायचं. मितालीने आजोबांचं नाव देऊन टाकलं होतं.

‘आता?’ सुहासिनीबाईंनी मटाराची टोपली पुढे सरकवत विचारलं. ‘तिथे दोन डोकी केलीत तर पोरं तिला हसतील.’

‘आणि एक केलं तर उद्यापासून माझ्याजवळ कशाला बसेल ती?’ पंढरीनाथ म्हणाले. त्या दिवशी बरेच दाणे टरफलांत गेले, पण सुहासिनीबाई त्यांना काही बोलल्या नाहीत.

स्टेजवर त्यांच्या आधी एक आजी मोबाईलवर सेल्फी काढायला शिकून आल्या होत्या. त्यांनी सगळ्या सभागृहाचा फोटो काढला, म्हणजे त्या तसं समजल्या; फोटो त्यांच्या स्वतःच्या हनुवटीचा आला. मग पंढरीनाथांची पाळी आली. मिताली माइकवर हिंदीत एकेक घडी सांगत होती आणि ते घालत होते. समोसा, चौकोन, पतंग, शंकरपाळं. मान वाकवून झाली आणि शेपटीचं टोक बोटांत आलं, तशी मितालीने माइक तोंडापासून लांब धरला. त्यांच्या कानाशी वाकून ती मराठीत म्हणाली, ‘आजोबा, आज एकच डोकं हं.’

पंढरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी शेपटीवरचं बोट काढलं, पंख खाली मोडले आणि सारस सगळ्यांना दिसेल असा वर धरला. टाळ्या पडल्या. त्या त्यांना नीटशा ऐकू आल्या नाहीत.

परतताना ई-रिक्षात सुहासिनीबाई समोरच्या बाजूला बसल्या, मिताली आजोबांशेजारी.

‘तुला कधी कळलं?’ पंढरीनाथांनी विचारलं.

‘खूप आधी. चुकायच्या आधी तुम्ही माझ्याकडे बघायचे. कोणी बघून चुकतं का?’

‘मग बोलली का नाहीस?’

मिताली फ्रॉकची चुणी बोटाने पुन्हा पुन्हा दाबत राहिली. ‘तुम्ही चुकत होते, तर मला पण चुकायला डर नव्हता लागत. मतलब, बाकी वेळी मी काही बोलली की तुम्ही लगेच चूक सांगता. सारस बनवताना नाही सांगायचे. तर मला वाटलं, चालू दे.’

शाळा, टीव्ही, सून, राजस्थान, सगळ्यांवर पंढरीनाथांचा आळ घेऊन झाला होता आणि ही पोर इतके दिवस त्यांच्यामुळेच गप्प होती. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि तिची इतकी माया आली की डोळे भरून आले.

‘उद्या काय शिकवणार?’ डोळे पुसत पंढरीनाथांनी विचारलं.

‘मेंढक. तो उडी पण मारतो. तुम्हाला येत नाही ना आधीपासून? खरं सांगा.’

‘नाही येत.’

‘मी सांगते, त्यांना नाही येत,’ सुहासिनीबाई म्हणाल्या. ‘आणि या वेळी मी खिसे तपासणार आहे.’

मिताली हसली आणि सुरू झाली. मेंढकाला हिरवाच कागद लागतो का, त्याच्या पाठीवर कुठे दाबलं की तो लांब कूदतो, तिच्या वर्गात कुणाचा मेंढक मॅडमच्या चहात गिरला. दुर्गापुरा येईपर्यंत ती बोलत होती, आणि पंढरीनाथ एका शब्दानेही मध्ये न पडता ऐकत होते.