बाल्टिमोरचे जुने गडी

गिरगावातल्या आमच्या वाडीत चौकश्या करणारे कमी नव्हते, पण ॲम्ब्रोजची सर कुणाला नाही. मयताला गेला तरी पेटी कुठल्या लाकडाची हे विचारून यायचा. गोदीत मुकादम, पाद्र्यांच्या शाळेत शिकलेलं इंग्रजी आणि हे असलं तोंड, त्यामुळे परदेशी खलाशांशी त्याची लगेच गट्टी जमायची. १८९५ च्या जानेवारीत त्यानं असाच एक अमेरिकन घरी धरून आणला.

त्याचं नाव डॅन. घासलेटचे डबे घेऊन आलेल्या जहाजावरचा खलाशी. जहाजाची डोलकाठी वादळात मोडली होती आणि ती बदलेपर्यंत त्याला काही उद्योग नव्हता. रविवारी तो आमच्या देवळात मिस्साला आला, तिथूनच ॲम्ब्रोजनं त्याला जेवायला आणलं. ॲम्ब्रोजच्या बायकोनं, मॅग्डलीननं, डुकराचं मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या. पोट भरल्यावर डॅननं खिशातून वर्तमानपत्राचा एक चुरगळलेला कपटा काढला, वाचला आणि रडायलाच लागला.

"कोन गेलं काय त्याचं?" मॅग्डलीननं घाबरून विचारलं.

"नाय गं. तो बोलतो, आमी जिंकलो," ॲम्ब्रोज म्हणाला.

मग चौकशी सुरू झाली. डॅन बाल्टिमोर गावचा. त्या गावाचा बेसबॉल नावाच्या खेळाचा संघ होता. दांडूनं चेंडू मारायचा, मैदानात मांडलेल्या गोण्यांना शिवत धावायचं आणि बाद न होता जिथून निघालो तिथं परत यायचं. परत यायला मिळालं तर गुण. इथवर आम्हाला नीट समजलं, कारण आमच्या आट्यापाट्यांतही आडव्या पाट्या ओलांडून परत येण्यातच सगळी मजा असते. पण त्या गड्यांना खेळायचा पगार मिळतो हे ऐकून ॲम्ब्रोजचा धाकटा भाऊ कायतान जेवता जेवता थांबला.

"पगार? मग कामावर कधी जातात?"

"तेच काम," ॲम्ब्रोज म्हणाला. कायतान परळला रेल्वेच्या कारखान्यात हातोडा मारायचा. त्यानं कपाळाला हात लावला.

ॲम्ब्रोजला मात्र वेगळाच किडा चावला होता. डॅन तीन वर्षं घरी गेलेला नव्हता. ज्या मोसमात त्याचा संघ जिंकला त्या मोसमात हा दूर पूर्वेकडच्या बटाव्हियाच्या बंदरात साखरेची पोती चढवत होता. मग 'आम्ही' जिंकलो कसा म्हणतो हा? ॲम्ब्रोजनं सरळ विचारलं. डॅननं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस शाळेत गेला होता यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता.

कायतानला या असल्या बारकाव्यांत रस नव्हता. त्याच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती. डॅन म्हणाला होता, की तो घर सोडून निघाला त्या साली बाल्टिमोर बारा संघांत शेवटचं होतं. आणि दोनच वर्षांनी पहिलं. हे कसं झालं?

कायतानला ते का जाणून घ्यायचं होतं हे वाडीत पोराटोरांनाही ठाऊक होतं. उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधीच्या रविवारी परळच्या गिरणीवाल्यांशी आमचा आट्यापाट्यांचा सामना असायचा, आणि आम्ही तो वर्षानुवर्षं हरत होतो. संघाचा पुढारी कायतान. सूर, म्हणजे सगळ्या आडव्या पाट्यांना छेदून जाणाऱ्या मधल्या उभ्या पाटीवरचा राखणदार, ॲम्ब्रोज. सगळा खेळ त्या सुरावर. एके काळी ॲम्ब्रोजच्या हातून मांजरही निसटत नसे, पण आता त्याचा गुडघा धरला होता. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बाप लवकर गेलेला. कायतानला चालायला, पोहायला आणि पाटी राखायला ॲम्ब्रोजनंच शिकवलेलं. अशा भावाला 'तू बस' म्हणायचं कुणी?

पुढच्या रविवारी अख्खा संघ ॲम्ब्रोजच्या ओट्यावर जमला. डॅन सांगे, ॲम्ब्रोज त्याचं मराठी करी. बाल्टिमोरवाले म्हणे मैदानातलं गवत मुद्दाम वाढवून त्यात जादा चेंडू लपवून ठेवत. धावणाऱ्याचा कमरपट्टा मागून धरून ठेवत. खरंखोटं डॅनलाच माहीत, पण आम्ही हसून हसून लोळलो. परळवाल्यांच्या धोतरांचे सोगे धरायचे बेतसुद्धा ठरले.

"ते राहू दे, दादा," कायतान म्हणाला. "शेवटचे पयले कसे झाले ते विचार."

ॲम्ब्रोजनं विचारलं. डॅन बराच वेळ बोलला. सुरुवातीला ॲम्ब्रोज मान डोलावत होता, मग ती डोलायची थांबली. डॅनचं सांगून संपलं. त्यानं तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि डॅनला इंग्रजीत काहीतरी लहानसं विचारलं. डॅननं नुसते खांदे उडवले.

आम्ही सगळे ॲम्ब्रोजच्या तोंडाकडे बघत होतो. आमच्यात दुसऱ्या कुणाला तेवढं इंग्रजी येत नव्हतं. रोज तालीम केली, देवाला मेणबत्त्या लावल्या, असं काहीही त्यानं सांगितलं असतं तरी आम्ही मान्य केलं असतं.

"नवा मॅनेजर आला," ॲम्ब्रोज म्हणाला. "त्यानं जुने गडी एकेक करून काढले. दुसऱ्या गावांनी नको म्हनून सोडलेली मानसं शोधून आनली. जिंकले त्यांच्यात बाल्टिमोरचं असं जवळपास कोनच नव्हतं."

ओट्यावर कुणी हसलं नाही. कायतान जमिनीकडे बघत होता.

डॅनला ॲम्ब्रोजनं काय विचारलं होतं ते मॅग्डलीननं पुढे आम्हाला सांगितलं. जुने गडी कुठं गेले, एवढंच. डॅनला ते माहीत नव्हतं. ही चौकशी करावी असं त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कायताननं लवूला आणलं. लवू वरळीचा कोळी, होडीच्या शर्यतीवरून भांडण झालं म्हणून त्याच्याच लोकांनी त्याला खेळातून बाहेर ठेवलेलं. अंगानं काटक, पायांत नुसती वीज. बाहेरचा गडी आमच्या वाडीच्या संघात कधी खेळला नव्हता, म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण खरी मजा पुढेच. तालमीत कायताननं त्याला एका कडेच्या पाटीवर उभा केला आणि ॲम्ब्रोजला नेहमीसारखा सुरावर.

ॲम्ब्रोज दोन डाव तसाच खेळला. मग भडकला.

"सूर द्यायला आनलायस ना त्याला? मग कडेला कशाला उभा करतोस? मला आंधळा समजतोस?"

"दादा, तसं नाय..."

"तसंच हाय. मीच सांगितलं ना तुला, माझ्याच तोंडानं!"

त्यानं लवूला दंडाला धरून सुरावर आणून उभं केलं आणि लंगडत घरी गेला. आम्हाला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. मॅग्डलीननं त्या दिवसापासून कायतानशी अबोला धरला.

सामन्याच्या सकाळी डॅनचं जहाज सुटणार होतं. ॲम्ब्रोज त्याला निरोप द्यायला गोदीत गेला. सामना बघायला मेलो तरी येणार नाही, असं त्यानं बजावून ठेवलं होतं. पण दुपारी परळच्या मैदानावर राखेनं पाट्या आखून होत होत्या, तेवढ्यात घोड्यांच्या ट्राममधून उतरून ॲम्ब्रोज लोकांच्या मागे येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघितलंदेखील नाही.

परळच्या पुढाऱ्यानं, दौलतनं, लवूला पाहून विचारलं, "ह्यो कुठला पावना?" तेवढंच. पुढे त्याला बोलायला सवड मिळाली नाही. लवूनं सुरावर असा काही धुमाकूळ घातला, की गिरणीवाल्यांचा एकही गडी पाट्या पार करून परत येईना. शेवटी दौलत स्वतः घुसला, अर्ध्यात पोचला आणि लवूनं झेप घेऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. संपलं. आम्ही नाचायला लागलो. लवू तेवढा कडेला उभा राहून अंगावरची राख झटकत होता.

मैदानाच्या कोपऱ्यावर चणे विकणाऱ्या बाईनं त्यालाच विचारलं, "कोन जिंकलं रं?"

लवूनं तोंड उघडलं आणि तसाच थांबला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. वरळीचा माणूस, गिरगावचा डाव. काय म्हणावं ते त्याला कळेना.

"आमी," मागून आवाज आला. ॲम्ब्रोज लंगडत पुढे आला आणि त्यानं लवूच्या खांद्यावर हात ठेवला. "आमी जिंकलो, बाय." मग त्याचे डोळे भरले, अगदी त्या डॅनसारखे, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

परतताना ट्राममध्ये कायतान त्याच्या शेजारी जाऊन बसला. लालबाग मागे पडलं. मग कायतान त्याच्याकडे वळला.

"दादा, लवू डावीकडे वळताना उशीर करतो. त्याला जरा शिकवशील?"

"ते मला पयल्याच दिवशी दिसलं होतं," ॲम्ब्रोज बाहेर बघत म्हणाला. "पन तू मला विचारलंस कुठं?"