पाणी न पिणाऱ्या बायका

"सर, तुमच्या आयसीयूतल्या नर्सनी लघवीला कधी जायचं?"

हे विचारायची वर्गातल्या या मुलीची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने सरळ माइकच हातात घेतला. हॉस्पिटलचे डायरेक्टर शाळेत पाहुणे म्हणून आले होते आणि भरपूर पाणी प्या, हे सांगून नुकतेच खाली बसले होते. सगळा हॉल फिदीफिदी हसला. तेही हसले.

"त्यांना ब्रेक असतो, बाळ."

"मग तेवढ्या वेळात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटकडे कोण बघतं?"

डायरेक्टरांनी मुख्याध्यापिकांच्या कानाशी लागून विचारलं, ही कोणाची?

ती कोणाची, हे दुसऱ्या दिवशी अख्ख्या हॉस्पिटलला कळलं. संध्याकाळी आई त्याच आयसीयूतल्या नर्सच्या ड्यूटीवरून आली ती चपलाही न काढता तिच्यासमोर उभी राहिली.

"माझी लघवी चव्हाट्यावर मांडायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"पण खोटं काय बोलले मी?"

"खरं-खोटं गेलं खड्ड्यात. मेट्रननी केबिनमध्ये बोलावलं होतं. म्हणाल्या, घरचं वळण दिसलं. उद्या मुलीला घेऊन या, साहेबांची माफी मागू दे. नाहीतर तुमचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही, ते बघावं लागेल."

बाबा कणीक मळत होते. "म्हण ना सॉरी. तुझं काय जातंय?"

"बाबा, आईला सारखा ताप का येतो?"

"युरिन इन्फेक्शन. डॉक्टरांनी सांगितलंय की, पाणी पी."

"आणि ही ड्यूटीवर घोटभरही पीत नाही. का, ते विचार तिला."

आई खुर्चीत बसली. पाय चोळू लागली.

"एकदा बाथरूमला गेले होते," ती म्हणाली. "शेजारच्या सिस्टरला सांगून. माझे चार पेशंट, तिचे चार. ती एकाच्या घशातला कफ मशीनने ओढत होती, तेवढ्यात माझ्याकडच्या एका आजोबांनी श्वासाची नळी उपसली. अलार्म बोंबलतोय आणि तिचे हात अडकलेले. मी धावत आले तेव्हा आजोबा निळे पडले होते. वाचले कसेबसे. मेमो मला मिळाला."

बाबांचे हात परातीतच थांबले. "मला नाही बोललीस कधी."

"बोलून काय, तू येऊन नळी धरणार होतास? सगळ्याजणी असंच करतात. मेट्रनचीसुद्धा यातच एक किडनी गेली, वॉर्डात असताना."

"आणि त्या आपलं वळण काढतात?"

"त्यांनाही वरून बोलणी बसतात गं."

पैजेच्या नादात प्रश्न विचारला तेव्हा तिला नुसती मजा वाटली होती. आता ती मजा कुठल्या कुठे पळाली. तिचे कान तापले. चार माणसांचे श्वास एका बाईच्या गळ्यात बांधायचे, ती दोन मिनिटं हलली की तिलाच मेमो द्यायचा, आणि वर शाळेत येऊन पाण्यावर भाषण ठोकायचं. आणि माफी मागायची कोणी, तर आपण.

"आई, सॉरी," ती म्हणाली. "तुला न विचारता बोलले म्हणून. फक्त तुला."

"आणि उद्या?"

"उद्या मी येणार नाही. मेट्रनना सांग, कार्टी हाताबाहेर गेलीये, मारलं तरी ऐकत नाही. काय शिव्या घालायच्या त्या मला घाल. पण त्या माणसाची माफी मी मागणार नाही."