फियाटमधून मला उतरवलं

नाना पेठेतल्या एका गॅरेजच्या ओट्यावर आडवा पडून मी तुमच्याशी बोलतोय. मी रेडिएटर, एका जुन्या पांढऱ्या फियाटचा. अंगाने तांब्या-पितळेचा. इंजिनाची धग पाण्यात घ्यायची आणि वाऱ्याला देऊन टाकायची, एवढंच माझं काम.

गाडी रतनरावांच्या वडिलांनी घेतली, सरकारी नोकरीत असताना. त्याच वर्षी वीस मार्चला ते घरच्यांना घेऊन वरंध घाटातून महाडला, चवदार तळ्यावर गेले. पुढे ते वारले. पण मार्चमधली ती फेरी रतनरावांनी कधी चुकवली नाही.

मी मात्र झिजत गेलो. वैजनाथ मेकॅनिक दरवर्षी माझी गळती बुजवायला मला डाग देई आणि म्हणे, "साहेब, याच्यात आता पितळ कमी, डागच जास्त. नवीन बसवा."

"बाबांच्या वेळचा आहे तो," रतनराव म्हणत. विषय संपला.

यंदा त्यांनी आईंना घरीच ठेवलं. गाडी तापली की उन्हात ताटकळावं लागतं. नव्वदीच्या बाईला ते कसं झेपावं? त्यांच्यासाठी कांताबाईंनी, म्हणजे सूनबाईंनी, तळ्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं.

परतीच्या चढावर मी फुटलो. वाफ उसळली, रस्ता ओला झाला. इंजिन निवल्यावर दोघांनी सोबतचं पिण्याचं पाणी माझ्यात ओतलं. पुरलं नाही. आसपास घर नाही, झरा नाही. उरली ती एक बाटली.

"ते आईचं आहे," रतनराव म्हणाले.

"मग त्यांनाच बोलवा इथे प्यायला," म्हणत कांताबाईंनी झाकण उघडलं. ते पाणी मी जिवापाड धरून ठेवायला बघितलं. तरी गळतच होतं. रखडत, थांबत कसेबसे भोरला पोचलो. तिथून टोचन लावून पुण्याला.

आई सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून वाट बघत होत्या. रतनरावांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"रतन," त्या म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी गाडी घेतली ती मला तळ्यावर न्यायला. आणि तू गाडीतलं जुनं भांडं जपतोस नि मला घरी ठेवतोस?"

दुसऱ्याच दिवशी वैजनाथने माझे बोल्ट सोडवले. खालून मला धरायला रतनराव स्वतः वाकले. त्यांचा शर्ट माझ्या गंजक्या पाण्याने माखला, पण त्यांनी मला आपटू दिलं नाही. माझ्या जागी नवा रेडिएटर बसला. कात्रजच्या घाटात चाचणी झाली. तापमानाचा काटा वर चढला नाही. ऐकून मला हलकं वाटलं.

आज रतनराव माझ्याजवळ उभे आहेत. "महाडहून परत आलो की याला घरी नेतो," असं वैजनाथला सांगतायत.

"शोकेसमध्ये ठेवणार?" वैजनाथ विचारतोय.

नका नेऊ, रतनराव. भंगारात द्या. तांबं आहे, वितळून कशाला तरी लागेन. आणि असे हात फिरवत थांबू नका. बाहेर गाडी चालू आहे. पुढच्या सीटवर आई बसल्यात, आणि मघापासून त्याच हॉर्न वाजवतायत. ऊन चढायच्या आत निघा.